भिंतीकडे तोंड

"पाठ!"

मास्तरांनी आवाज दिला आणि रंगखात्यातली सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रोजचाच प्रकार होता. मोठ्या टाकीत पाणी तापलेलं असे, सुताच्या ओल्या लडी दांड्यांवर टांगून तयार असत, आणि रंगमास्तर मागच्या फडताळातून आपले डबे काढत. त्या डब्यांवरची लेबलं त्यांनी स्वतः नखांनी खरवडून काढली होती. कुठल्या डब्यात काय आहे हे त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. डबे हातात आले की ‘पाठ!’ मग झाकणाचा आवाज, पळीचा आवाज, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज. शेवटी मास्तर ‘हं’ म्हणत, तेव्हा माणसांनी वळायचं आणि कामाला लागायचं. कोणाची मान जरा आधी वळली, तर मास्तर झाकण लावून हाताची घडी घालून उभे राहत. टाकी थंड होत गेली तरी हलत नसत. मालकांची बोलणी मग त्या मान वळवणाऱ्याला खावी लागत.

तुम्ही म्हणाल, चांगली मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी भिंतीकडे तोंड करून उभी कशी राहत होती? राहत होती. एकदा अंगवळणी पडलं की माणूस कशालाही रीत म्हणू लागतो. लडी हलवणारा जाड्या तेवढ्या वेळात भिंतीच्या पोपड्यांमध्ये प्राणी शोधत असे. लडी पिळणारी चिमणी अंगाने एवढीशी आणि तोंडाने अखंड सुरू, म्हणून चिमणी. तिला त्या वेळीही गप्प बसवत नसे. "काय भिंतीबाई, आज तब्येत कशी आहे?" असं ती विचारायची आणि रांगेत खसखस पिकायची. चिमणीच्या शेजारी उभी असायची ती मास्तरांची सून. ती वाळवणीवर काम करत होती. घरी ज्या सासऱ्यांना ती हाताने वाढत होती, त्यांच्याकडे कारखान्यात तिलाही पाठ करावी लागे.

मास्तर दुष्ट नव्हते, हे आधीच सांगायला हवं. नातीला खांद्यावर बसवून घरभर फिरायचे, बायकोचे गुडघे दुखले तर स्वतः पाणी भरायचे. पण कामाचा विषय निघाला की ताकास तूर लागू देत नसत. मुलाला तरुणपणी रंगखात्याची फार हौस होती. बापाच्या हाताखाली त्याने लडी उचलल्या, टाक्या घासल्या. पण डबा उघडायची वेळ आली की बाप पोटच्या पोरालाही म्हणायचा, ‘पाठ!’ एक दिवस मुलगा वळला तो थेट दाराबाहेर पडला. आता तो दुसऱ्यांचा माल टेम्पोतून पोचवत होता. बापलेक एका घरात राहत होते आणि हवापाण्याच्या पलीकडे एकमेकांशी बोलत नव्हते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," असं मास्तर म्हणत. त्यांच्याजवळ त्याला कारणही होतं. "माझा बाप भोळा होता. जोडीदाराला बसवून सगळं शिकवलं त्याने. जोडीदार कमी पगारावर तयार झाला आणि बाप घरी बसला. त्या वर्षी आम्ही काय खाल्लं, ते मला विचारा."

हे कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते कोणाला खोडता येत नव्हतं. मास्तरांनी बापाच्या अनुभवातून एकच धडा घेतला होता आणि तो ते उभ्या जन्मात विसरले नव्हते. त्या धड्यापायी त्यांनी कधी रजा घेतली नव्हती. ताप अंगावर काढला होता. सख्ख्या बहिणीच्या अंत्यविधीला जाऊन ते त्याच दुपारी टाकीवर परत आले होते. सगळं ज्ञान आपल्याजवळ ठेवणाऱ्या माणसाला त्या ज्ञानाजवळच बसून राहावं लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं असेल तर ते बोलले नव्हते.

एके सकाळी ते कामावर निघाले तेव्हा त्यांच्या बायकोची, म्हणजे सुनेच्या सासूबाईंची, नजर त्यांच्या पायांकडे गेली.

"अहो, हे काय घालून निघालात? एक मोजा निळा आणि एक काळा!"

"काहीतरीच काय! दोन्ही निळे आहेत."

"अहो, उजेडात बघा तरी."

मास्तरांनी दारात जाऊन पाय पुढे केला. वाकून पाहिलं. मग दुसरा पाय पाहिला. सून डबा भरता भरता थांबली. ज्या माणसाने निळ्याच्या दहा छटा नुसत्या नजरेने वेगळ्या काढाव्यात, तो माणूस स्वतःच्या पायांकडे खुळ्यासारखा बघत उभा होता.

"घाईत झालं असेल," मास्तर म्हणाले आणि तसेच निघून गेले.

शेवटी मुलाने त्यांना जवळजवळ धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घाबरण्यासारखं काही नाही, साधी शस्त्रक्रिया आहे. मात्र नंतर काही आठवडे वाफ, धूळ, रसायनं यांच्या आसपास फिरकायचं नाही."

घरी आल्यावर मास्तर खुर्चीत बसले.

"करून टाका ना," सासूबाई म्हणाल्या. "शेजारच्या काकांनी केली, आता सुईत दोरा ओवतात."

"आणि तोवर टाकीवर कोण? तू उभी राहतेस?"

"कोणाला तरी दाखवून ठेवा."

"दाखवून ठेवा! म्हणजे मी परत जाईन तेव्हा माझ्या जागी दुसराच बसलेला असेल. मग बरे झालेले डोळे घेऊन काय करू? खिडकीतून रस्ता बघत बसू?"

"आणि डोळे गेले तर?" मुलाने विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला कसं कळेल, बाबा? मी भिंतीकडे बघत होतो."

नातीने आजोबांच्या मांडीवर चढायचा प्रयत्न केला, तिला आजीने उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सुनेला बाजूला घेतलं. त्यांनी आपल्यापुरती वाट काढली होती. "सूनबाई, उद्यापासून तू टाकीपाशी माझ्या शेजारी उभं राहायचं. नमुन्याची लडी आणि टाकीतली लडी ताडून बघायची. लाल जास्त वाटला तर एकदा खोकायचं, पिवळा वाटला तर दोनदा. कोणाला कळता कामा नये. मालकाला तर नाहीच नाही."

"बाबा, त्यापेक्षा मला नीट शिकवाच ना. मग तुम्ही खुशाल ऑपरेशन करून घ्या."

"रंग सांगण्यापुरतं पुष्कळ आहे तुला. डबे काढताना तूही वळायचंस."

तिने मान हलवली. घरात पगार येतो तो कोणामुळे हे तिला माहीत होतं, आणि सासऱ्यांचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. खोकण्याचं काम सुरू झालं. खात्यातल्यांना खरंच वाटलं की हिला खोकला झालाय. चिमणीने पहिल्या आठवड्यात गोळ्या आणून दिल्या. "अगं, अशी अंगावर काढू नकोस. वाफेने छाती भरते."

पण लोकांना डोळे असतात. सून सासऱ्यांना चिकटून उभी राहते, वाळवणीवर दुसरीच बाई राबते, हे दिसायला लागलं. "कानामागून आली आणि तिखट झाली," जाड्या तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत चिमणी आपला डबा घेऊन दुसरीकडे बसायला लागली. सून एकदा तिच्याजवळ गेली.

"चिमणे, मला काहीसुद्धा शिकवत नाहीयेत गं."

"मग तिथे काय करतेस?"

आता काय सांगणार? सांगावं तर सासऱ्यांचे डोळे उघडे पडतात, न सांगावं तर मैत्रीण जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. "खोकते," एवढंच ती म्हणाली, आणि चिमणीला ती थट्टा वाटली.

घरीही तेच. नवरा कुशीवर वळून म्हणाला, "मला नाही शिकवलं. तुला शिकवतायत. बरं आहे." तो चिडून म्हणाला असता तर तिला परवडलं असतं. पण तो नुसताच म्हणाला, आणि तिला उशिरापर्यंत झोप लागली नाही. जे आपल्याला मिळालंच नाही, ते लपवल्याचा दोष मात्र आपल्या माथी, याचा तिला संताप येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

पुढच्या महिन्यात गणवेशाच्या सुताची मोठी मागणी आली. गडद निळा रंग, म्हणजे मास्तरांच्या डोळ्यांना आता सर्वांत अवघड. त्याच सुमारास मालकांनी रंगखात्याला चुना मारून घेतला. फडताळ बाहेर काढलं, डबे उतरवले, काम झाल्यावर परत लावून ठेवले. लावणाऱ्याने अंदाजाने लावले. लेबलच नाही म्हटल्यावर तो बिचारा दुसरं काय करणार?

मास्तर डबे जागेवरून ओळखत, आणि त्यांच्या पोच्यांवरून. पण हाताच्या बोटांची कातडी सोड्याने निबर झालेली. पोचे तरी किती निराळे असणार?

त्या सकाळी नातीला ताप भरला म्हणून सून घरी राहिली. "आजचा दिवस घरी थांबा, बाबा," ती म्हणालीसुद्धा. "मागणी आहे," म्हणत मास्तर निघाले.

टाकी तापली. लडी टांगल्या. "पाठ!" मास्तर म्हणाले.

सगळे वळले. मास्तरांनी मिठाचा डबा म्हणून जो डबा उघडला, तो मिठाचा नव्हता. हातातली पळी नुकतीच टाकीत बुडवलेली, ओली. ती त्यांनी डब्यात घातली आणि ढवळली. आतली भुकटी तापायला लागली, आणि डब्यातून पांढरा, डोळ्यांत आणि घशात घुसणारा धूर वर आला.

भिंतीकडे तोंड करून उभ्या माणसांना वास आला. घसे जळायला लागले. तरी कोणी वळलं नाही. मास्तरांनी अजून ‘हं’ म्हटलं नव्हतं! ते कुठून म्हणणार? त्यांचा श्वासच कोंडला होता, ते डबा टाकून खिडकीकडे चाचपडत निघाले होते. आणि डबा पडला तो नेमका चिमणीच्या मागे. एवढीशी बाई, धूर तिच्या डोक्यावरून आणि चहूबाजूंनी. एकदा ती म्हणाली, "मास्तर, काय घातलंत हो आज?" त्यानंतर तिचा आवाज आला नाही. चिमणी गप्प झाली हे जाड्याच्या ध्यानात आलं, तेव्हा कुठे तो वळला.

सुनेला निरोप पोचला तशी ती मुलीला सासूबाईंकडे देऊन धावत दवाखान्यात आली. व्हरांड्यात मालक उभे होते, जाड्या होता, बॉयलरवाला होता, आणि बाकावर लाल झालेले डोळे पुसत मास्तर बसले होते. त्यांच्यापुढे एक तरुण डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज चढलेला होता.

"बाईंच्या घशाला सूज येतेय. नेमकं काय होतं त्या डब्यात? मला नाव हवंय."

"मास्तरांना विचारा," मालक म्हणाले. "त्यांनाच माहीत असतं."

मास्तरांनी मालकांकडे पाहिलं. मग जाड्याकडे. त्यांचे ओठ हलले.

"पांढरी पावडर होती," ते म्हणाले.

"पांढरी तर साखरही असते! आजोबा, नाव सांगा!"

मास्तर गप्प राहिले.

वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल. आत एक बाई श्वासासाठी तडफडते आहे आणि बाहेर एक सज्जन माणूस, नातीला खांद्यावर मिरवणारा माणूस, दोन शब्द बोलत नाही. पण लपवण्याची सवय अशीच असते. जन्मभर तोंडाला लावलेलं कुलूप ऐनवेळी धन्यालाही उघडत नाही. तुमच्या-माझ्या कचेरीत धूर निघत नाही, एवढंच. तिथे शेजारच्या मेजावरचा नवा माणूस फायली उलटसुलट करून घाम पुसत असतो, चूक कुठे आहे ते आपल्याला दिसत असतं, आणि आपण चहाला उठतो. ‘आम्हाला कोणी शिकवलं होतं?’ असं वर म्हणतो. त्यात कोणाचा जीव जात नाही म्हणून आपल्याला झोप लागते.

सून मास्तरांपुढे बसली. "बाबा, काय होतं डब्यात?"

"इकडे ये," ते पुटपुटले. "कानात सांगतो."

तिने कान पुढे केला. त्यांनी नाव सांगितलं, पावडर कशाची आणि ओली झाली की काय करते तेही सांगितलं. आणि मग तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "मोठ्याने नको. मालक आहेत. जाड्या ऐकतोय. आत जा आणि हळूच..."

तिने हात सोडवून घेतला. ती उठून उभी राहिली आणि त्या अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "हायड्रो! डॉक्टर, हायड्रो होतं. चढलेला रंग उतरवायची पावडर. तिला ओलावा लागला की तापते आणि धूर सोडते."

डॉक्टरीणबाई आत पळाल्या.

"सूनबाई, काय केलंस हे!" मास्तर म्हणाले.

"बाबा, आत माणूस आहे," ती म्हणाली. सासऱ्यांशी ती अशा आवाजात कधी बोलली नव्हती. पुढे काही बोलली असती तर रडू आलं असतं, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

चिमणी वाचली. आवाज मात्र पूर्वीचा राहिला नाही. खरखरीत झाला, आणि चार वाक्यांनंतर दम लागायला लागला.

मास्तर त्यानंतर कामावर गेले नाहीत. टाकी थंड पडली, मागणी रखडली, मालकांची माणसं दारात येऊन गेली. मास्तर खुर्चीत बसून राहत. नात जवळ आली तरी तिला उचलत नसत. एका दुपारी त्यांनी सुनेला हाक मारली.

"बस. सगळं सांगतो तुला. कुठला डबा, किती, कधी. आता तूच सांभाळ. पण घरातच राहू दे."

किती दिवस ती याची वाट बघत होती! आणि आता ते ऐकताना तिला टाकीपाशी मास्तरांच्या जागी स्वतःचाच चेहरा दिसत होता: उद्यापासून आपण ‘पाठ!’ म्हणायचं आणि जाड्याने, चिमणीने आपल्याकडे पाठ करायची. आपण म्हातारं व्हायचं, आजारी पडायचं, पण टाकी सोडायची नाही.

"मला एकटीला सांगणार असाल तर सांगू नका, बाबा."

"म्हणजे?"

"खात्यात चला. सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर तुमच्याजवळच राहू दे."

"वेडी आहेस. पस्तावशील."

"पस्तावेन. पण तो डबा मी माझ्या उशाशी घेणार नाही."

दारात मुलगा उभा होता. टेम्पो लावून तो नुकताच आत आला होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, मीही येतो. मलाही ऐकायचंय."

मास्तरांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. आठवडाभर कोणी तो विषय काढला की ते डोळे मिटून घेत. मग एका सकाळी ते तयार होऊन दारात उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "हात धर. पायऱ्या नीट दिसत नाहीत."

रंगखात्यात त्यांनी एकेक डबा उघडला. हाताने चाचपून, वास घेऊन, सुनेला विचारून. हे मीठ. हा धुण्याचा सोडा. ही पाण्याचा जडपणा मारायची पावडर. हे हायड्रो, याला ओला हात लावायचा नाही. आणि हा नारिंगी रंग. निळा चढत आला की शेवटी याची जराशी जोड द्यायची, म्हणजे निळ्याचा उथळपणा जातो आणि तो गडद बसतो. सून कागदाच्या पट्ट्या डब्यांवर चिकटवत गेली.

"एवढंच?" जाड्याच्या तोंडून निघून गेलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. जन्मभर सांभाळलेली मूठ उघडली आणि आत मीठ-सोडा निघाला. पण सून म्हणाली, "एवढंच नाही. किती आणि केव्हा, ते त्यांच्या हाताला माहीत आहे. ते शिकायला वेळ लागेल." मास्तरांनी नाक शिंकरल्यासारखं करून रुमाल डोळ्यांना लावला. त्यानंतर डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ती संपली नाही. मास्तर घरी विश्रांती घेत असताना खातं चालू राहिलं. चुकत-माकत, एकमेकांना विचारत, रंग जुळायला लागले. ते मालकांनी पाहिलं. एके दिवशी त्यांनी सुनेला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "मास्तरांना आता आरामच करू द्या. तुम्ही सगळे चालवताय की छान. त्यांच्या पगाराचा भार कशाला?"

तिने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मास्तर हसले. ते हसू बघवत नव्हतं. "माझ्या बापाचंच झालं शेवटी. सांगत होतो ना तुला?"

तिने ताट बाजूला सारलं. सासरे बरोबर होते. त्यांची मूठ तिने उघडायला लावली आणि त्यांची जागा गेली.

सकाळी तिने खात्यात सगळ्यांना सांगितलं. कोणी मान वर केली नाही.

"मालकांचं चुकतंय," जाड्या दांड्या पुसत म्हणाला. "पण आपण काय करणार, वहिनी?" मास्तरांची खुर्ची रिकामी झाली तर तिच्यावर कोण बसेल, याचा विचार त्याने रात्री केला होता, आणि तो त्याच्या तोंडावर दिसत होता.

चिमणी नुकतीच हलक्या कामावर परत आली होती. ती उठली आणि वाफेचा वाल्व्ह बंद केला. टाकीची घरघर थांबली तसे मालक ऑफिसातून बाहेर आले.

"काय झालं? टाकी का थांबली?"

"मी थांबवली," चिमणी म्हणाली. "मास्तर येईपर्यंत थांबेल."

"तू? अगं, त्यांच्यामुळे तुझी ही दशा झाली!"

"माहीत आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते गप्प बसले. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही." तिने दम घेतला. "पण मालक, आज त्यांना सांगितल्याबद्दल घरी बसवलंत, तर उद्या इथे कोण कोणाला काय सांगेल? जाड्या, तू सांगशील? मी तरी सांगेन का? लगेच लेबलं निघतील डब्यांवरची. परत कोणाचा तरी गळा जाईल. मला त्या भिंतीकडे बघत उभं राहायचं नाहीये आता."

एवढं बोलून तिला धाप लागली. तिने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. सून तिच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसली. जाड्या वाल्व्हकडे बघत राहिला. तो सुरू करणं त्याला येत होतं. पुढचं सगळंही आता येत होतं. बराच वेळ त्याचा हात वाल्व्हवर होता. मग त्याने तो काढून घेतला, मालकांची नजर चुकवली आणि खाली बसला. त्याच्यामागून बाकीचेही बसले.

एक माणूस अडवून बसला असता तर मालकांनी दुसरा आणला असता. इथे काम येणारे सगळेच बसले होते. मालकांनी टाकीकडे पाहिलं, ओल्या लडींकडे पाहिलं.

"बोलवा त्यांना," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

सून उठायला लागली. चिमणीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. "तू नको. मी जाते."

मास्तरांनीच दार उघडलं. त्यांना आता लख्ख दिसत होतं. चिमणीच्या ओठांजवळचा काळपटपणा दिसला, चालून आल्याने वरखाली होणारी छाती दिसली. घरात इतर कोणी नव्हतं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"मी तेव्हा बोललो नाही," ते म्हणाले.

"हो," चिमणी म्हणाली. तिने श्वास जमेपर्यंत वाट पाहिली. "आता चला. सगळे खोळंबलेत. निळा अजून नीट बसत नाहीये, आणि का ते आम्हाला कळत नाहीये."